छत्रीला टाळ्या

माझं लग्न एका हिरव्या छत्रीपायी मोडता मोडता राहिलं. छत्री माझी नव्हती, नवऱ्याचीही नव्हती. ती एका मराठी विनोदी सिनेमातली होती आणि त्या सिनेमाचे एकामागून एक चार भाग निघाले होते. सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. एकदा एका समारंभात चुकून सांगितलं, तर साठीतल्या एका गृहस्थाने मला जेवणाच्या रांगेत अडवून धरलं आणि "पहिला भागच खरा हो" यावर माझी पोळी गार होईपर्यंत व्याख्यान दिलं. पहिल्या भागाविषयी पुरुषांकडून ऐकायचं तेवढं ऐकून झालंय माझं.

नवऱ्याचंही नाव घेत नाही. उखाण्यात घेतलं तेवढं पुरे आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कोपरीत राहायची, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोळ्यांच्या वस्तीत. वडील मी सातवीत असतानाच गेले. आई कोपरीच्या बाजारात मासे विकायची, त्यावर आमचं घर चालायचं. बारावी झाल्यावर मी स्टेशनापलीकडच्या एका टायपिंग क्लासला जायला लागले. तिथे हा यायचा, डोंबिवलीहून, शॉर्टहँड शिकायला. उंच, चष्मा, शुद्ध बोलणं. आमच्याकडे "नय" म्हणतात तिथे हा "नाही हो" म्हणायचा. मला ते फारच आवडायचं. आता नाही तेवढं आवडत.

तर एक दिवस हा क्लासच्या दारात आला, एका पायातली चप्पल काढली, वाकून ती भिंतीशी नीट सरळ लावून ठेवली आणि मग एका पायात चप्पल घालून लंगडत आत आला. सगळा क्लास खो खो हसला. टायपिंगचे सरसुद्धा हसले. मीही हसले. हा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाहिलास वाटतं?"

"हो," मी म्हटलं. "दोनदा."

मी काहीच पाहिलं नव्हतं. कसला सिनेमा, कुठली चप्पल, काही कळलं नव्हतं. दुपारी सिनेमे लागायचे तेव्हा मी आईशेजारी बसून कोलंबी सोलायची. पण एकदा तोंडातून "दोनदा" गेलं ते गेलं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण मला मेलीला आगाऊपणा नडला.

पुढे हळूहळू माहिती जमत गेली. नायक एका डॉक्टरकडे कंपाउंडर. त्याच्याकडे एक फाटकी हिरवी छत्री. कुणाला मारायचं झालं की आधी एक चप्पल काढून बाजूला नीट ठेवणार आणि मगच मारणार. शिवाय एक टकलू तबलजी होता, तो प्रत्येक भागात मिनिटभर यायचा आणि शिंकायचा. बस्स. पहिल्या भागात हे सगळं कुठल्या ना कुठल्या कारणाने आलं असणार. तिसऱ्या भागापर्यंत कारणं गळून पडली होती आणि नुसती छत्री, चप्पल आणि शिंक उरली होती.

तो तिसरा भाग मी क्लासच्या कंपूबरोबर पाहिला. छत्री पडद्यावर आली तशी अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, खाली पुढच्या रांगांतून चिल्लर उधळली गेली. छत्रीला! नायक नुसता थांबून हसत होता, कारण टाळ्या संपेपर्यंत त्याला बोलायचंच नव्हतं. मी याच्याकडे बघितलं. हा हसत होता, म्हणून मी हसले. तिथे मला युक्ती सापडली. पडद्याकडे बघायचंच नाही, याच्याकडे बघायचं. हा हसला की आपण हसायचं. सिनेमा मला ओ की ठो कळला नाही, पण परतताना हा म्हणाला, "तुझ्यासारखी समजून हसणारी मुलगी मी पाहिली नाही." इतका आनंद झाला मला की लाजही वाटली नाही.

असे आठ महिने गेले. मग याने विचारलं आणि मी हो म्हटलं. हे एक मात्र समजून म्हटलं होतं.

त्याच्या घरी अडचण नव्हती. त्याचे आईवडील म्हणाले, मुलीच्या आईचं काय म्हणणं ते कळू दे, तिची हरकत नसेल तर आम्ही येऊन भेटतो. पण तुळशीचं लग्न होईपर्यंत काही कळलं नाही तर स्थळं बघायला घेऊ. म्हणजे सगळं माझ्या आईवर आलं. आणि माझ्या आईला "डोंबिवलीचा आहे, शॉर्टहँड शिकतोय" एवढ्यावर पटवणं म्हणजे मेलेल्या पापलेटाला पोहायला लावणं.

तेवढ्यात श्रावण लागला. श्रावणात अर्धं ठाणं मासे सोडतं, आईच्या पाटीवर माश्यासुद्धा फिरकत नाहीत. वर्षात त्याच दिवसांत तिला दुपारची फुरसत. आणि नेमका तेव्हाच सिनेमाचा चौथा भाग लागला. हा म्हणाला, "मावशींना सिनेमाला नेऊ. हसलं की माणूस मोकळं होतं. हा सिनेमा पाहून न हसलेला माणूस मी बघितलेला नाही." मी म्हटलं, "अगदी बरोबर." काय बोलणार? मी तर दोनदा पाहिलेला ना.

आई नटून निघाली. नवं लुगडं, गळ्यात पुतळ्यांची माळ, अंबाड्यावर अबोलीची वेणी. पूल ओलांडून आम्ही पश्चिमेला आलो. तिकिटं काढून हा थिएटरच्या दारात उभाच होता. वाकून नमस्कार केला. आई मध्ये बसली, एका बाजूला हा, एका बाजूला मी.

दिवे गेले. दहाव्या मिनिटाला छत्री आली आणि थिएटर उठलं.

"काय झाला गो?" आईने मला मोठ्याने विचारलं. "कोण आला?"

"छत्री आली, आये."

"तं टाल्या कनाला? पाऊस परतंय काय?"

तिकडून हा लगबगीने वाकला. "मावशी, पहिल्या भागात ही छत्री त्याला अशी मिळते ना, की..." आणि त्याने पहिला भाग सांगायला घेतला. तो सांगत असताना चप्पल येऊन गेली. लोक हसले. आईने विचारलं, आता काय झालं? मग त्याने चपलेचं सांगायला घेतलं, तेवढ्यात तबलजी शिंकला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, कॉमेंट्री बंद करा!" याला काका म्हणणारा तो पहिला माणूस. मला खरोखरच हसू आलं, पण नेमका तेव्हा हा हसत नव्हता, म्हणून मी दाबलं.

मध्यंतरात त्याने वडे आणले. आईने वडा खाल्ला, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "काय रे पोऱ्या, ते झाला परवाचा सगला. आज काय झाला ते सांग."

"आज म्हणजे?"

"आजचे सिनेमान. आज काय झाला?"

हा विचार करू लागला. चष्मा काढून पुसला. खरं तर काहीच झालं नव्हतं. तासभर नुसती ओळखीची माणसं येऊन हात हलवून गेली होती. "म्हणजे तसं..." हा म्हणाला आणि थांबला. आईने मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाने शिळ्या बांगड्याचा कल्ला उघडून दाखवल्यावर ती हलवते तशी. उरलेला सिनेमा तिने एक प्रश्न विचारला नाही. पडद्याकडेही फारसं बघितलं नाही. मी मात्र नेमाने हसत राहिले.

परतताना पुलावर ती थांबली. खाली गाड्या जात होत्या.

"पोऱ्या वंगाल नय," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडतोय तोच पुढचं आलं. "पन तू त्याचे मागशी हसतंस. त्यो हसला की तू हसतंस. मी सगला वेल तुनाच बघत व्हते."

मला वाटलं होतं ती सिनेमाला कंटाळली म्हणून पडद्याकडे बघत नाही. ती माझा सिनेमा बघत होती.

मग मी सगळं सांगून टाकलं. चप्पल, "दोनदा", तिसरा भाग, सगळं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. बाजारात नेहमीच्या गिऱ्हाइकाला आम्ही त्याने विकत घेतलेल्या वाट्यावर आणखी मूठभर मासळी टाकतो, त्याला वर टाकणं म्हणतात. त्याच्याशी जुन्या गमती करतो. गिऱ्हाईक खूश होतं. पण आई म्हणे, नुसतं वर टाकून धंदा होत नाही, आधी वाट्यात मासळी लागते. आणि आपण जुन्या गिऱ्हाइकाशी खिदळत बसलो तर बाजूला नवी बाई पिशवी घेऊन उभी असते, ती कळत नसताना कसनुसं हसते आणि निघून जाते. "तू ती बाई झालीस," आई म्हणाली. "एक दीस हसशील, दोन दीस हसशील. जलमभर कशी हसशील गो?"

आजकाल माझी मुलगी अशा सिनेमांना फॅन सर्व्हिस म्हणते आणि त्यावर तावातावाने बोलते. मी ऐकून घेते. आमच्याकडे हे मासळीच्या पाटीवर कधीच ठरलेलं आहे.

आईने अट घातली. तू त्याला खरं सांगितल्याशिवाय मी त्याच्या आईबापाशी बोलणार नाही. आणि त्याला एकदा बाजारात धाड.

खरं सांगायचं माझं धाडस होईना. इतके महिने हा ज्या मुलीशी बोलत होता ती मी नव्हतेच, हे कसं सांगायचं? गणपती आले नि गेले, बाजार पुन्हा भरला, तेव्हा मी दुसरी, सोपी अट आधी पुरी करावी म्हणून त्याला रविवारी सकाळी बाजारात बोलावलं. तो हातात कापडी पिशवी घेऊन आला. घरी मासे खायचे, पण आणायचे वडील. याला बोंबील आणि मांदेलीतला फरक कळत नव्हता.

आईने त्याला बघितलं आणि मुद्दामच बघितलं नाही. तिच्यासमोर नेहमीची मंडळी होती. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा आणि शेजारच्या सिंधी वसाहतीतली एक बाई. आजोबांनी पापलेटाकडे बोट दाखवताच आईने ते उचललं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "चष्म्यासकट देऊ?"

आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सिंधी बाई "अरे राम, फिर से चष्मा!" म्हणत माझ्या खांद्यावर टेकली. शेजारच्या पाट्यांवरच्या बायका हसल्या. आई चेवात आली. एकामागून एक जुन्या गमती काढल्या. मला कळत होतं ती काय करतेय. पिशवी धरून हा मध्येच उभा होता, चेहरा कोरा. मी मनात म्हणत होते, हस रे, थोडंसं हस, नाहीतर माझं काही खरं नाही. माझ्याकडे बघ आणि हस.

हा हसला नाही. चांगली पंधरा मिनिटं उभा राहिला. शेवटी आईनेच विचारलं, "काय रे, हसलास नय?"

"कळलं नाही, मावशी," हा म्हणाला. "मला पहिला भाग सांगाल का?"

आईने कोयता खाली ठेवला. माझी आई बाजारात ऐन गर्दीत कोयता खाली ठेवत नाही. तिने त्याला समोरच्या उलट्या पाटीवर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. आजोबा पूर्वी एकदा मासे निवडायला वाकले, चष्मा पाटीत पडला, आईने न बघता मासळीबरोबर कागदात गुंडाळून दिला. आजोबा घरभर चष्मा शोधत होते. संध्याकाळी त्यांच्या सूनबाईंनी पुडी सोडली आणि किंचाळल्या, कारण पापलेट चष्मा लावून त्यांच्याकडे बघत होतं. हा एवढ्या जोरात हसला की त्याचाच चष्मा पाटीत पडायचा बाकी राहिला. आईने त्याला पापलेट दिलं, वर मूठभर कोलंबी टाकली. मला कळलं, हा पास झाला. नापास मीच राहिले होते.

"आता तू सांग त्याना," आई मला म्हणाली.

"काय?" हा माझ्याकडे वळला.

तिथेच, मासळीच्या वासात, आजोबांसमोर, मी सांगितलं की मी पहिला भाग पाहिलेला नाही. दुसराही नाही. तिसरा पाहिला तो तुझ्याकडे बघून पाहिला आणि चौथाही तसाच.

"पण तू दोनदा..." तो म्हणाला. "मी सतरा वेळा पाहिलाय. मी तुझ्याशी त्यातलं बोलायचो तेव्हा तू..."

"मान हलवायची."

त्याचा चेहरा उतरला. रागापेक्षा त्याला लाजच वाटली असावी, इतके महिने एकटाच बोलत होतो म्हणून. पिशवी घेऊन तो निघून गेला. सोमवारी तो क्लासला आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी त्याची रिकामी खुर्ची बघून मी एका पानावर तेरा चुका केल्या आणि घरी येऊन रडले. आईवर चिडले. तिला म्हटलं, तुझ्यामुळे झालं हे सगळं, चाललं होतं ते चालू द्यायचं होतंस. तिने मला जेवायला वाढलं. मी जेवले नाही, ती पण जेवली नाही.

शनिवारी दुपारी हा आमच्या दारात. मागे हातगाडीवर भाड्याने आणलेला व्हीसीआर, हातात एक कॅसेट. "पहिला भाग," म्हणाला. "मी एक शब्द बोलणार नाही. तू बघ." टीव्ही आमचा होताच. वस्तीतली पाच-सहा पोरं दारात येऊन बसली. आई आत चुलीपुढे, कालवण करत होती. हा भिंतीला टेकून बसला, तोंड घट्ट मिटून. बोलायचं नाही म्हणून त्याला किती त्रास होत होता ते दिसत होतं.

कॅसेट झिजलेली, रंग पसरलेले. कंपाउंडर आला. चप्पल आली, तिचं कारण कळलं, बरं होतं. मग नायक एका मासळीबाजारात शिरला. याने पाय पोटाशी घेतले. मला कळलं, इथेच ती छत्री मिळणार. ज्या प्रसंगासाठी लोक चार भाग उठून उभे राहत होते, तो हा.

नायक पुढे येऊन छत्रीवाल्याशी काहीतरी झटापट करत होता. त्याच्या मागे कोपऱ्यात कोळणीचं सोंग घेतलेली एक नटी बसली होती. कॅमेऱ्याकडे बघून गोड हसत होती आणि कोयता उलटा धरून, बोथट बाजूने, सुरमई तोडत होती. दणादण तोडत होती. सुरमई काही तुटत नव्हती. बाई काही हसायची थांबत नव्हती.

मी हसले. आधी थोडंसं, मग आवरेचना. पोटात कळ आली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी जमिनीवर आडवी झाले. पोरं माझ्याकडे बघायला लागली. हा पडद्याकडे बघे, माझ्याकडे बघे. छत्री मिळून गेली होती आणि मी ती पुन्हा बघितलीच नव्हती.

आतून आईचा आवाज आला. "हां. आता हसली."

हात पदराला पुसत ती बाहेर आली. पोरांकडून कॅसेट मागे नेऊन घेतली, बघितलं आणि उंबऱ्यावरच बसली. कोळ्यांची पोरं ती, दुसऱ्यांदा बघितल्यावर त्यांनाही दिसलं. "आये, उलटा धरलंय!" एक ओरडलं. सगळी खोली हसायला लागली. एकटा हा कोरा चेहरा करून मध्ये बसलेला.

"काय झालं?" त्याने विचारलं. "मी सतरा वेळा पाहिलाय. इथे हसण्यासारखं काय आहे?"

आईने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"त्याना पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "आन सांगून झाला की सांग, उद्या आईबापाना घेऊन ये म्हनावा."